तासिकेचा दर एक, विषयांची कमाई वेगळी

महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना विषय पाहून पैसे दिले जात नाहीत. 27 मार्च 2023 च्या शासन निर्णयानंतर कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवी वर्गावर व्याख्यानाच्या तासाला 900 रुपये मिळतात. मग तो तास तुकारामांच्या अभंगांचा असो, सेंद्रिय रसायनाचा असो की कंपनी कायद्याचा. तरीही कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारले तर वर्षअखेरीला हातात पडणारी रक्कम विषयागणिक बदलते हे कोणीही सांगेल. 'सीएचबी' (क्लॉक अवर बेसिस, म्हणजेच तासिका तत्त्व) यावरची चर्चा आजवर बहुतेक दराभोवतीच फिरली. दर किती, कधी वाढला, अजून किती वाढायला हवा, एवढेच प्रश्न विचारले गेले. दर सगळ्यांना सारखा असताना कमाई वेगळी का होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. त्याचे उत्तर दरात सापडत नाही. कोणते तास तास म्हणून धरले जातात आणि ते कोणाच्या वाट्याला किती येतात, यात ते आहे.

मुळात अर्धवेळ कोण होते?

विषयांमध्ये पगाराचा भेद न करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे दरमहा 75 रुपयांवर शिकवण्याचे व्रत घेतले, तेव्हा गणिताला जास्त आणि संस्कृतला कमी असा हिशेब नव्हता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तर सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे गरजेप्रमाणे पडतील ते विषय शिकवले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेण्या आल्या, त्यांतही हीच समानता राहिली. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे. भौतिकशास्त्राला तेच, पालीलाही तेच.

अर्धवेळ अध्यापकांची गोष्ट निराळी होती. पोटापाण्याचा दुसरा व्यवसाय असलेला माणूस आठवड्यातून काही तास येऊन शिकवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1925 ते 1928 या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते, तेव्हा त्यांची वकिली चालू होती. नंतर काही काळ सरकारी लॉ कॉलेजातही त्यांनी अर्धवेळ अध्यापन केले. वकिलांना दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा देणारे नियम 1979 पासून आहेत. मुंबईच्या पालिका रुग्णालयांना जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानद डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या शिकवून गेल्या. वास्तुशास्त्रातही तसेच. या मंडळींना मिळणारे मानधन शब्दशः मानापुरते असे आणि त्यावर त्यांचे घर चालत नसे.

आजचा सीएचबी प्राध्यापक यांच्यापैकी नाही. तो किंवा ती नेट, सेट किंवा पीएच.डी. झालेली असते, मंजूर पण रिकाम्या पदाचे तास घेते आणि बहुतेकदा तेच तिचे मुख्य उत्पन्न असते. हा बदल एका दिवसात झाला नाही. निवृत्तीने जागा रिकाम्या होत गेल्या आणि भरती अडखळत राहिली. 2017 मध्ये ती थांबली. 2018 च्या नोव्हेंबरात 3,580 पदे भरायला परवानगी मिळाली, पण करोनाच्या काळात वित्त विभागाच्या निर्बंधांनी पुन्हा खीळ बसली. उरलेल्या 2,088 पदांना मान्यता मिळाली ती 2021 च्या नोव्हेंबरात. दरम्यान वर्ग तर भरतच होते. ते तासिकांवर चालले. पाहुण्यासाठी केलेली सोय अशी रिकाम्या पदाची जागा घेत गेली, पण हिशेबाची पद्धत पाहुण्याचीच राहिली.

दर कसा चढत गेला

सप्टेंबर 2018 मध्ये एमफुक्टो या प्राध्यापक महासंघाने कामबंद आंदोलन केले. रिक्त पदे भरा आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना समान कामाला समान वेतन द्या, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन होत्या. त्यानंतर 14 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाने पदवी स्तरावर व्याख्यानाला 500 रुपये, पदव्युत्तरला 600 आणि पदवीच्या प्रात्यक्षिकाला 200 असे दर ठरले. 2021 मध्ये त्यांत पाव हिश्शाने वाढ होऊन ते 625, 750 आणि 250 झाले. 2023 च्या निर्णयात व्याख्यान पदवीला 900, पदव्युत्तरला 1,000 आणि पदवीचे प्रात्यक्षिक 350 झाले. तंत्रशिक्षण आणि कला संचालनालयांखालच्या संस्थांचे दरही त्याच वेळी सुधारले. त्यांचे कोष्टक वेगळे आहे.

पाच वर्षांत 500 चे 900 झाले, ही वाढ लहान नाही. पण दराला एक कुंपण आहे. एका अध्यापकाला आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका, म्हणजे एका पूर्णवेळ पदाचा कार्यभार दोघांत वाटायचा. नऊ तास, चार आठवडे, 900 रुपये असा गुणाकार केला की महिन्याचे 32,400 होतात. हा कागदावरचा कळस. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे दिवस, गणपती, स्नेहसंमेलन, निवडणुकीच्या कामासाठी ताब्यात गेलेली इमारत, असे सगळे वजा होत जाते, कारण न झालेल्या तासाचे पैसे नसतात. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते. जाहिरात, मुलाखत, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय आणि विद्यापीठाची मान्यता यांतून ती पुढे सरकेपर्यंत पहिले सत्र निम्मे सरलेले असते.

इथवरची कथा सगळ्या विषयांची सारखी. फाटे इथून पुढे फुटतात.

प्रात्यक्षिकाचा तास

सर्वांत मोठा फाटा प्रयोगशाळेचा. रसायन, भौतिक, वनस्पती, प्राणी या विषयांत आठवड्याच्या कामाचा मोठा भाग प्रात्यक्षिकांत जातो. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, वाणिज्य यांत जवळजवळ सगळे काम व्याख्यानाचे. ही विभागणी कला विरुद्ध विज्ञान अशी सरळ नाही; भूगोल आणि मानसशास्त्र कला शाखेत असूनही त्यांना प्रात्यक्षिके आहेत, आणि गणित विज्ञान शाखेत असूनही त्याचे बरेचसे काम फळ्यावरच होते.

श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकाला व्याख्यानाचे 15 तास लागतात किंवा प्रात्यक्षिकाचे 30. म्हणजे प्रात्यक्षिकाचा एक तास व्याख्यानाच्या अर्ध्या तासाबरोबर. हे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे माप आहे, शिक्षकाच्या श्रमाचे नव्हे. तरी प्रात्यक्षिकाला कमी पैसे देण्यामागचा आधार म्हणून तेच पुढे केले जाते. वादापुरते हे माप मान्य केले तरी हिशेब जुळत नाही. 900 चे निम्मे 450 होतात आणि मिळतात 350. आधीच्या दोन्ही टप्प्यांत, 500 ला 200 आणि 625 ला 250, प्रमाण दोनपंचमांश होते. 2023 च्या वाढीत ते त्याहूनही किंचित खाली आले. रुपये सगळ्यांचे वाढले, पण विज्ञानाच्या अध्यापकाचे सापेक्ष स्थान घसरले. ही गोष्ट वाढीच्या आनंदात फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

दोन माणसे कागदावर मांडून पाहू. इतिहासाच्या अध्यापकाला आठवड्याला नऊ व्याख्याने आहेत. रसायनाच्या अध्यापिकेला चार व्याख्याने आणि दहा तास प्रात्यक्षिके आहेत. श्रेयांकाच्या मापाने दोघांचा भार सारखाच, नऊ. इतिहासवाल्याचे महिन्याचे 32,400 होतात. रसायनवालीचे आठवड्याला 3,600 अधिक 3,500, म्हणजे महिन्याला 28,400. तो नऊ तास शिकवतो आणि ती चौदा तास प्रयोगशाळेत व वर्गात उभी असते. तरी चार हजार रुपये तिलाच कमी. शिवाय प्रात्यक्षिकाआधी द्रावणे बनवणे, उपकरणे तपासणे, नंतर जर्नल तपासणे आहेच. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी असेल, आणि ती पुष्कळ ठिकाणी असते, तर हेही काम तिच्यावरच पडते.

उलट बाजूही नोंदवायला हवी. प्रात्यक्षिकाच्या वेळी एकाच बॅचला काय करायचे हे एकदा सांगितले की बराच वेळ देखरेखीत जातो, तर व्याख्यानाच्या एका तासामागे घरी दोन-तीन तासांची तयारी असते, असे भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अध्यापक म्हणतात. निबंधवजा उत्तरपत्रिका तपासण्याचा भारही त्यांचाच जास्त. नव्याने लागलेल्या अध्यापकासाठी हे म्हणणे खोटे नाही. पाच वर्षे तोच पेपर शिकवणाऱ्याबाबत मात्र ते तितके ठाम राहत नाही.

तास मिळण्याची शाश्वती

दुसरा फाटा कार्यभाराचा. दर कितीही असला तरी तास हवेत, आणि तास विद्यार्थिसंख्येतून येतात. सक्तीच्या इंग्रजीला तुकड्या पुष्कळ, म्हणून इंग्रजीच्या अध्यापकाला नऊ तास भरायला सहसा अडचण नसते. तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, अर्धमागधी यांचे विशेष वर्ग बारीक झाले की नऊचे सहा आणि सहाचे चार होतात. लहान गावांतल्या कला महाविद्यालयांत हीच वेळ मराठी आणि इतिहासावरही आली आहे. त्यातच या विषयांत नेट-सेट झालेल्यांची संख्या मोठी, त्यामुळे एका तासिकेसाठी उमेदवारांची रांग. दर सरकारने ठरवलेला असल्याने ही रांग दर पाडू शकत नाही, पण अटी नक्कीच पाडते. बिनपैशाची प्रवेशाची कामे, नॅक मूल्यांकनाच्या फायली, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे या गोष्टींना नाही म्हणण्याची ताकद रांगेतल्या माणसात नसते.

संगणकशास्त्राचे उलटे. तिथे एम.एस्सी. झालेल्याला पुणे-मुंबईत कंपनीची नोकरी दिसत असते, त्यामुळे नेट-सेटधारक मिळणेच कठीण. अकाउंटन्सीत सीए मिळतात, पण सकाळच्या वर्गापुरते. गणित आणि भौतिकाच्या अध्यापकाला क्लासेसची वाट मोकळी असते, ती राज्यशास्त्राच्या अध्यापकाला स्पर्धा परीक्षांच्या वर्गांपुरतीच. म्हणजे तासिकेच्या मानधनावर किती अवलंबून राहायचे हेही विषयच ठरवतो, आणि ज्यांचे अवलंबन सर्वाधिक त्यांचेच तास सर्वांत अस्थिर.

त्याच इमारतीतला दुसरा बाजार

अनुदानित आणि स्वयंअर्थसाहाय्यित असे दोन्ही अभ्यासक्रम एकाच आवारात चालतात. सकाळी बी.ए., बी.कॉम. आणि दुपारी बी.एम.एस., बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एस्सी. आय.टी. दुसऱ्या बाजूला शासनाचा दर लागू नाही. विद्यार्थ्यांच्या फीमधून संस्था ठरवील तो. विषयनिहाय उघड भेद खरा दिसतो तो इथे. सायबर सुरक्षा किंवा डेटा ॲनालिटिक्स शिकवायला उद्योगातून आलेल्या माणसाला जास्त द्यावे लागते. संवादकौशल्य किंवा पर्यावरणाचा पेपर घेणाऱ्याला कमी दिले तरी चालते, कारण ते घ्यायला अनुदानित बाजूचे सीएचबी अध्यापक उपलब्ध असतातच. काही ठिकाणी हा दर शासनाच्या दराहून चांगला, काही ठिकाणी निम्म्याहून कमी. नेमके आकडे संस्थेच्या वहीत असतात आणि वही क्वचितच बाहेर येते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात शिक्षकांची मोजदाद होते, पण अहवालात मानधनाचा तक्ता नसतो.

2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना आणली. व्यवसायातल्या अनुभवी माणसाला पदवीची अट न लावता, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमता येते. जुन्या वकील-डॉक्टर पाहुण्यांची ही नवी आवृत्ती म्हणता येईल. ती कोणत्या विषयांना लागू पडेल हे सांगायला नको. मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या व्यवसायातून येणारा तज्ज्ञ शोधायचा कुठे?

कोण काय म्हणते

सरकारची, नेमके सांगायचे तर वित्त विभागाची बाजू अशी: तासिका तत्त्व ही तात्पुरती सोय आहे, तिला पगाराचे रूप दिले तर ती कायम होईल आणि मागच्या दाराने नेमणुका होतील. शिवाय पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन आणि त्यापलीकडे संशोधन, प्रशासन करायचे असते. नऊ तासांचे काम म्हणजे समान काम नव्हे.

संघटना याला दोन उत्तरे देतात. नऊची मर्यादा सरकारनेच घातली, तिचाच दाखला देऊन काम कमी कसे म्हणता? आणि नऊ तासांबाहेरचे काम होते, फक्त त्याची नोंद होत नाही. कायद्याच्या पातळीवर त्यांचा आधार सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग हा निकाल आहे. त्यात तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीतले किमान वेतन द्यावे असे तत्त्व मान्य झाले. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांतल्या, दरमहा 30,000 वर राबणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. पण ते महिन्याच्या करारावर होते. घड्याळाच्या तासावरच्या माणसाला हे तत्त्व कसे लावायचे, याचे सरळ उत्तर त्या निकालातून मिळत नाही.

संस्थाचालक आणि प्राचार्य यांची अडचण व्यवहाराची आहे. संगणकाला 900 रुपयांत माणूस येत नाही, आणि आलेला टिकत नाही. विषयानुसार दर ठरवण्याची थोडी मोकळीक द्या, असे त्यांचे म्हणणे. याला विरोध करणारे म्हणतात की पूर्णवेळ श्रेणीत जो भेद कधी केला नाही तो सर्वांत कमजोर कर्मचाऱ्यांत का आणायचा? एकदा बाजारभाव आला की भाषांचा भाव काय होईल हे उघड आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. पण ज्या भेदाची भीती घातली जाते तो प्रात्यक्षिक आणि कार्यभार यांच्या आडून आधीच आलेला आहे, आणि त्याचा फटका दर वेळी भाषांनाच बसतो असेही नाही. माझ्या मते विषयवार दराच्या वादापेक्षा ही आडवाट आधी तपासणे उपयोगाचे.

इतरत्र

आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रति व्याख्यान 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये ठरवले. त्याआधी ते 1,000 आणि 25,000 होते. तिथेही विषयभेद नाही. महाराष्ट्राचा दर याच्या मागे आहे, हा संघटनांचा नेहमीचा मुद्दा. कर्नाटकाने 2022 मध्ये वेगळी वाट धरली: महिन्याचे ठरावीक मानधन, 26,000 ते 32,000, पात्रता आणि अनुभव यांवरून, बदल्यात आठवड्याचे तास वाढवून पंधरापर्यंत नेले. विषय आणि तास दोन्ही हिशेबातून गेले, पण त्यामुळे आधीपेक्षा कमी लोकांत तेच काम बसले आणि काहींचे कामच गेले, अशी तक्रार तिथे झाली.

अमेरिकेत नियमित प्राध्यापकांच्या पगारातच वित्त आणि इंग्रजी यांत मोठी दरी आहे. अर्धवेळ शिक्षकांना तिथे पूर्ण अभ्यासक्रमामागे पैसे मिळतात. 2010 च्या हेमंत सत्राच्या एका मोठ्या पाहणीत तीन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाचे मध्यक मानधन 2,700 डॉलर आढळले. दोन वर्षांच्या महाविद्यालयांत 2,235, संशोधन विद्यापीठांत 3,400. म्हणजे तिथे संस्थेचा प्रकारही मोठा फरक पाडतो. आपल्याला जवळचा वाटावा असा वाद कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत आहे: प्रयोगशाळेचा तास व्याख्यानापेक्षा हलका धरावा की बरोबरीचा? काही जिल्ह्यांत संघटनांनी वाटाघाटी करून बरोबरी मिळवली, काही ठिकाणी टप्प्याटप्प्याने ती जवळ आणली.

जे अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न घड्याळाचा. आपल्याकडे तासिका बहुतेक ठिकाणी 48 मिनिटांची धरली गेली. मानधन मोजताना ती पूर्ण तास धरायची की मिनिटे जोडून तास करायचे, यावरून वर्षानुवर्षे कुरबुर आहे. नऊ तासिकांत हा फरक आठवड्याला पावणेदोन तासांहून जास्त होतो. दुसरा प्रश्न अनुभवाचा: तासिकांवर घालवलेली वर्षे पुढे नियमित नेमणुकीत किती धरायची. तिसरा कंत्राटी नेमणुकांच्या प्रमाणाचा. आयोगाच्या 2018 च्या नियमांत त्यांच्यावर एकूण पदांच्या दहा टक्क्यांची मर्यादा आणि नियमित सहायक प्राध्यापकाइतक्या वेतनाची अट होती. जानेवारी 2025 च्या मसुद्यात ही मर्यादा दिसत नाही.

चौथा प्रश्न नवा आहे आणि विषयांच्या संदर्भात तोच सर्वांत अवघड ठरेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत मेजर, मायनर, खुले ऐच्छिक, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रप्रकल्प, कार्यप्रशिक्षण अशी मांडणी आली. ज्या विषयांचे विशेष वर्ग आटत होते त्यांना खुल्या ऐच्छिकांमुळे काही तास परत मिळाले. संस्कृत आणि तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आला. मात्र ते तास कायम त्यांच्याच विषयाचे मानायचे की ज्याचा भार अपुरा असेल त्याला द्यायचे, हे महाविद्यालयागणिक ठरते. क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांत तर व्याख्यानही नाही आणि प्रात्यक्षिकही नाही. विद्यार्थ्याला बँकेत, साखर कारखान्यात किंवा ग्रामपंचायतीत पाठवायचे, त्याच्या नोंदवह्या पाहायच्या, फोन घ्यायचे, अहवाल दुरुस्त करायचा. हे काम सगळ्या विषयांत वाढते आहे. ते 900 च्या रकान्यात लिहायचे, 350 च्या, की कुठेच नाही, याचा निर्णय सध्या बिल करणाऱ्या कारकुनाच्या आणि सहसंचालक कार्यालयाच्या समजुतीवर चालला आहे.